इजिप्शियन धाटणीच्या दगडी उठावशिल्पाचे मूल्य कसे ठरवावे?

प्रश्न : वणीकर (जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या वडिलोपार्जित वाड्याची वाटणी सुरू आहे आणि त्यात उठावशिल्प असलेली एक शिळा निघाली आहे. तिची लांबी 60 सेंटीमीटर, रुंदी 45 आणि जाडी सुमारे 4 सेंटीमीटर असून कापसाच्या काट्यावर वजन 23 किलो भरले. आसनावर सैलसर बसलेला राजा, त्याच्या खांद्याला हात लावून उभी असलेली राणी, तिच्या मागे तिवईवर ठेवलेला रुंद कंठा, वर सूर्यबिंब आणि त्याच्या किरणांच्या टोकांना लहान लहान हात, असे दृश्य आहे. कडेने चित्रलिपीच्या ओळी आहेत. आबाजींचे (आजोबांचे) धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते आणि त्यांनी ती इजिप्तहून आणली, असे घरात सांगतात. कागद मात्र एकही नाही. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने केवळ फोटो पाहून ‘ही तीन हजार वर्षांची आहे, पण कागद नसल्यामुळे पन्नास हजारच देईन’ असे सांगितले. चुलत भावांचा हिस्सा ठरवायचा असल्यामुळे योग्य मूल्य कळणे आवश्यक आहे.

उत्तर : खाणवाला (कोरपना, जि. चंद्रपूर)

भाऊ, किमतीच्या आधी माल कोणता ते ठरवू. आपल्या मापांवरून घनफळ 10,800 घनसेंटीमीटर येते, म्हणजे घनसेंटीमीटरला साधारण 2.1 ग्रॅम. प्लास्टर ऑफ पॅरिस याहून बरेच हलके असते, तेव्हा ते बाद. आपल्या भागातील घट्ट चुनखडी 2.6 च्या आसपास भरते, म्हणजे तेवढीच शिळा 28 किलोंच्या घरात गेली असती. कोरीव भागात जाडी कमी होते हे धरले, तरी इतका फरक सहज पडत नाही. उरतात दोन शक्यता : सच्छिद्र चुनखडी, किंवा सिमेंट आणि दगडाची भुकटी साच्यात ओतून केलेला पट.

कोणी आम्लाचा थेंब टाकून पाहण्याचा सल्ला देईल, पण तो येथे निरुपयोगी आहे, कारण चुनखडीही फसफसते आणि सिमेंटही, शिवाय डाग पडेल तो वेगळाच. त्यापेक्षा उडालेला एखादा टवका भिंगाखाली पाहावा. ओतीव मालात हवेचे गोल, गुळगुळीत कडांचे बुडबुडे दिसतात. खऱ्या दगडातील छिद्रे वेडीवाकडी असतात. पिरॅमिडांच्या परिसरातील चुनखडीत तर नाण्यासारख्या चपट्या जीवाश्मांची दाटी आढळते. मागची बाजूही अवश्य पाहावी, कारण घडवणारा तिकडे सहसा फारसे लक्ष देत नाही.

उत्तर : निवृत्त चित्रकला शिक्षक (वर्धा)

आपण वर्णन केलेले दृश्य माझ्या परिचयाचे आहे. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सुवर्णसिंहासनाच्या पाठीवर हेच आहे : राणी अंखेसेनामुन राजाला सुगंधी लेप लावते आहे, मागे तिवईवर कंठा आहे आणि वर आतेन या सूर्यदेवाचे हात असलेले किरण आहेत. हात असलेले किरण अखेनातेन या राजाच्या काळातील इतर शिल्पांतही दिसतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु राजाची बैठक, राणीचा हात आणि मागचा कंठा अशी संपूर्ण मांडणी जुळत असेल, तर आपला पट त्या सिंहासनाची नक्कल आहे, असेच म्हणावे लागेल. ते सिंहासन लाकडी असून त्यावर सोन्याचा पत्रा, चांदी आणि रंगीत काच यांचे काम आहे, आणि ते हजारो वर्षे थडग्यात बंद होते. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना ते थडगे 1922 च्या नोव्हेंबरमध्ये सापडले. अर्थात, ही नक्कल त्याआधी कोणी करू शकत नव्हते.

घरातील हकिकत यामुळे खोटी ठरत नाही. 1940 साली चौथी भारतीय डिव्हिजन इजिप्तमध्ये लढत होती आणि थडगे सापडल्यावर अशा वस्तूंना मोठी मागणी आली होती. एक गोष्ट आणखी तपासावी. अस्सल लेखात एका ओळीतील पशुपक्ष्यांची तोंडे एकाच दिशेला असतात आणि वाचन त्या तोंडांकडून सुरू होते. केवळ शोभेसाठी चिन्हे उतरवणारा कारागीर तेथे हमखास चुकतो.

वणीकर : दोघांचेही आभार. एका ओळीत दोन पक्षी समोरासमोर पाहत आहेत. टवक्यात गोल बुडबुडे दिसले. मागची बाजू थापीने सारखी केलेली असून तिच्यात टांगण्यासाठी लोखंडी तारेच्या दोन कड्या ओततानाच बसवलेल्या आहेत. सिंहासनाच्या छायाचित्राशी मांडणी तंतोतंत जुळते.

उत्तर : एक वाचक (नागपूर)

कड्यांनी विषय संपवला. आता मूल्यांकन शोभेची जुनी वस्तू म्हणून करावे, आणि जाहिरातीत मागितलेल्या किमती न धरता अशा ओतीव पटांना प्रत्यक्ष मिळालेल्या किमती धराव्यात. आजोबांची आठवण कुटुंबासाठी मोलाची असेल, पण फौजेतील पत्र, जुना फोटो असा पुरावा मिळाल्याशिवाय गिऱ्हाईक तिचे वेगळे पैसे देणार नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जाणकाराचे मत विचारता येईल. मात्र संग्रहालये सहसा बाजारभाव सांगत नाहीत.

व्यापाऱ्याच्या बोलण्याचा मला मेळ लागत नाही. आपल्याकडील 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, दगडी शिल्पांची नोंदणी करावी लागते आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. इजिप्तनेही 1983 च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. वस्तू खरोखर प्राचीन असे त्यांना वाटत असेल, तर कागदांवाचून ती घ्यायला ते तयार कसे? आणि तसे वाटत नसेल, तर पन्नास हजार कशाचे? त्यांना मागच्या कड्यांचा फोटो पाठवावा आणि भाव नव्याने, लेखी मागवावा.