मार्सिनेलची आग: दोष एका टबचा की कराराचा?

निशिगंधा: बेल्जियममध्ये शार्लरवाजवळ मार्सिनेलला ‘ब्वा द्यु काझिए’ ही कोळसा खाण होती, जेमतेम पावणेआठशे कामगारांची. ८ ऑगस्ट १९५६ ला तिथे २६२ जण मेले, त्यांत १३६ इटालियन. कारण विचाराल तर एकच सांगतात: ९७५ मीटर खोलीवर कोळशाचा टब (डबा) केजमध्ये, म्हणजे खाणीतल्या पाळण्यात, पुरता शिरला नव्हता, इशाऱ्यांचा घोळ झाला, केज वर सुटली आणि बाहेर राहिलेल्या टबाने तेलाची नळी नि विजेच्या केबली तोडल्या, आणि आग लागली. मला हे पटत नाही. १९४६ च्या कराराने इटलीने आठवड्याला २००० माणसं पाठवायची नि बदल्यात कोळसा मिळवायचा, असं ठरलं. ही माणसं युद्धकैद्यांच्या जुन्या बराकींत राहिली. दोष त्या कराराचाच.

खाणवाला चंद्रपूर: ताई, करार वाईट होता, पण कराराने आग लागत नाही. तेल, वीज आणि दाबाखालची हवा एकाच शाफ्टमध्ये (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत), आणि तोच शाफ्ट ताजी हवा आत नेणारा! मग धूर थेट माणसांपर्यंतच जाणार. बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला. भूमिगत खाणीत काम केलेल्या माणसाला आधी हीच रचना खुपते. मृतांत ९५ बेल्जियनही होते, वायूने कुणाचा पासपोर्ट पाहिला नाही.

देशस्थ: इटलीत तेव्हा हाताला काम नव्हतं. करार नसता तर त्या घरांनी खायचं काय, हेही सांगा. शिवाय तिथे तिसरा, नवा शाफ्ट खोदणं सुरू होतं. मालक हातावर हात धरून बसले होते असं नाही.

निशिगंधा: खाणवालेदादा, रचनेचं तुमचं म्हणणं मान्य. पण ती तशीच का चालू दिली? माणसं दर आठवड्याला मिळत असतील, तर जुना शाफ्ट बदलायची निकड कुणाला वाटणार? देशस्थ, भुकेपोटी केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. खटल्यात आधी सगळे सुटले. १९६१ मध्ये अपिलात खाणीच्या व्यवस्थापकाला सहा महिन्यांची स्थगित कैद आणि २००० फ्रँक दंड, बस्स.

खाणवाला चंद्रपूर: शिक्षेबद्दल दुमत नाही. पण सगळं करारावर ढकललं की इंजिनिअर आणि तपासनीस सुटतात. मला तेच नको आहे.

निशिगंधा: त्यांना मीही सोडत नाही. पण पुढचं बघा. दुर्घटनेनंतर इटलीने माणसं पाठवणं थांबवलं. बेल्जियमने १९५६ मध्ये स्पेनशी, १९५७ मध्ये ग्रीसशी आणि १९६४ मध्ये मोरोक्को नि तुर्कस्तानशी करार केले. ही खाणसुद्धा पुन्हा सुरू झाली आणि १९६७ पर्यंत चालली.