स्विफ्टचं इंजिन ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचाय, पार्किंगमध्ये जमेल का?

कोथरूडचा_स्विफ्टवाला:
मंडळी नमस्कार, गाडी २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल, वॉरंटी केव्हाच संपलीय, रनिंग फार नाही पण वर्ष झालं की ऑइल बदलतोच. मागच्या वेळी जिथे दिली तिथे साधं ऑइल-फिल्टर सांगितलं होतं तर बिलावर इंजिन फ्लश, इंजिन कोटिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग असं काय काय चढवलेलं, विचारलं तर म्हणे सर हे पॅकेजमध्ये येतं. डोकंच फिरलं. आता ठरवलंय की हे एवढं काम तरी स्वतः करायचं. बाइकचं ऑइल मी घरीच बदलतो त्यामुळे अगदीच कोरा नाहीये, पण कारच्या खाली शिरायचं म्हटलं की जरा धाकधूक होते. ऑइल ०डब्ल्यू-२० घेऊ की ५डब्ल्यू-३०? किती लागेल? सोसायटीचं पार्किंग आहे, खाली फरशी, वर सेक्रेटरी. आणि निघालेलं काळं ऑइल टाकायचं कुठे? अनुभवी लोकांनी सांगा.

पाना_पक्कड:
जमेल की, न जमायला काय झालं. पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळतो तो कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. विटांवर, दगडांवर चढवायची आयडिया पण डोक्यातून काढ, वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही. एक तर लोखंडी रॅम्प घे नाहीतर दोन जॅक स्टँड घे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव, हँडब्रेक ओढ, पहिल्या गिअरमध्ये टाक. स्टँडवर घेतली की आत शिरायच्या आधी गाडीला बाहेरून जोरात हलवून बघायची, हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. काढलेली स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची, फुकटचा विमा.

ऑइलचं म्हणशील तर मॅन्युअल उघड, त्यात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पटकन वाहतं त्याचा आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं त्याचा. पुण्यात काय बर्फ पडत नाही, त्यामुळे ० की ५ याने आपल्याला फारसा फरक पडत नाही, ३० थोडं जाड आणि २० पातळ, पातळ ऑइलने अ‍ॅव्हरेजला थोडा हातभार लागतो एवढंच. तक्त्यात जे बसतं त्यातलं चांगल्या कंपनीचं घे, डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (ही ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं बघ, विषय संपला. फिल्टरसकट साधारण तीन लिटरच्या आसपास लागतं, म्हणून साडेतीनचा डबा घेतलास तर टॉपअपला थोडं उरतं.

आता काम. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवून बंद कर, ऑइल कोमट पाहिजे, उकळतं नको. बोनेट उघडून वरचं ऑइलचं झाकण सैल कर, गेजची काठी (ऑइलची पातळी बघायची) थोडी वर काढून ठेव, म्हणजे खालून धार नीट लागते. मग खाली चेंबरचा नट, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल सोडायला असतो तो. पान्याचा नंबर आधी बसवून बघ, रिंग पानाच वापर, फिक्स पान्याने कडा गोल होतात. नट सुटत आला की पाना बाजूला ठेवून बोटांनी फिरव आणि फिरवताना तो वरच्या बाजूला दाबून धर, शेवटचा आटा सुटला की झटक्यात बाजूला घे. नाहीतर धार आधी मनगटावर आणि मग बाहीतून काखेत जाते. पहिली धार सरळ खाली पडत नाही, लांब उडते, आणि जोर कमी झाला की जवळ येते, म्हणून ट्रे मोठा घे आणि सरकवत राहा. पंधरा मिनिटं निथळू दे. सेक्रेटरीसाठी खाली जुना पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा भुसा.

नटाला नवीन वायसर टाकायचा, तो पाच-दहा रुपयांचा असतो पण सगळं गळणं तिथूनच सुरू होतं. आणि नट आधी हाताने पूर्ण आत जाऊ दे, पाना फक्त शेवटी. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर ३५ न्यूटन मीटरच्या आसपास, नसेल तर छोट्या पान्याने एका हाताचा जोर, पाय लावून नाही.

ग्रीसवाला_नाशिक:
वरच्या भाऊंनी फिल्टरचं सांगितलंच नाही, ते मी सांगतो कारण लोक घोळ तिथेच घालतात. जुना फिल्टर सुटला की त्याच्याबरोबर त्याची रबर रिंग आली का ते उलटा करून बघायचं. कधी कधी रिंग इंजिनलाच चिकटून राहते, काळी असल्यामुळे दिसत पण नाही, आणि तिच्यावर नवीन फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात. गाडी चालू केली की प्रेशरने सगळं ऑइल रस्त्यावर. बोट फिरवून बघ, फडक्याने ती जागा चकचकीत पूस.

नवीन फिल्टरच्या रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरव. हाताने फिरवत नेऊन रिंग टेकली असं जाणवलं की तिथून पुढे पाऊण फेरा, बास. पाना लावून आवळला की पुढच्या वेळी सुटत नाही आणि मग लोक त्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात, पत्रा फाटतो आणि फिल्टर तिथेच राहतो. चेन पाना किंवा कप पाना आण, तो फक्त काढायला. फिल्टर ओरिजिनल घे, शे-दीडशे रुपयांत येतो, तिथे कंजुषी नको.

भरताना सगळा डबा एकदम ओतू नको. अडीच लिटर ओत, झाकण लाव, गाडी चालू कर, डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, तोवर अ‍ॅक्सिलरेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही. नाही विझला तर लगेच बंद. विझला की मिनिटभर चालू ठेव, खाली वाकून नट आणि फिल्टर कोरडे आहेत का बघ, बंद कर, पाच मिनिटांनी सपाट जागेवर गेज बघ आणि थोडं थोडं टाकत वरच्या खुणेच्या जरा खाली थांब. जास्त भरलेलं ऑइल कमी भरल्याइतकंच वाईट, क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) त्यात घुसळायला लागतो आणि फेस होतो.

शनिवार_सुट्टीवाला:
मी विरुद्ध बोलणार आहे, रागवू नका. रॅम्प, स्टँड, चेन पाना, ट्रे, हातमोजे, सगळं धरून पहिल्या वर्षी एक पैसा वाचत नाही. त्यापेक्षा ऑइल-फिल्टर स्वतः विकत आणा आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे उभं राहून बदलून घ्या, मजुरी देऊन पण स्वस्त, लिफ्टवर गाडी वर जाते, बुश, बूट (चाकांकडचे रबरी भाग), सायलेन्सर सगळं डोळ्यांनी दिसतं. हां, उभं मात्र राहायचंच. आमच्याकडच्या एका ठिकाणी पोरगं चेंबरचा नट इम्पॅक्ट गनने आवळायचं, आटे गेले, मग नवीन आटे पाडून मोठा नट बसवला. ते पण पॅकेजमध्ये येतं बहुतेक 😄

कोथरूडचा_स्विफ्टवाला:
हा हा, खरंय. पण साहेब मला पैसे वाचवायचेच असं नाही, आत काय गेलं ते मला माहीत पाहिजे. बाकी सगळं समजलं, काळ्या ऑइलचं कोणीच बोललं नाही. गावी आमचे काका म्हणतात कॅन भरून इकडे पाठव, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतो.

सेंट्रिंगवाला_सांगली:
काकांना नको पाठवू. आमच्याकडे पण हेच चालतं, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना जुनं ऑइल फासतात म्हणजे काँक्रीट चिकटत नाही, गोठ्याच्या वाशांना लावतात, आधी तर बैलगाडीच्या कण्याला पण. पण त्यात झिजलेल्या धातूचा अंश आणि जळक्याचा कचरा असतो, पावसात धुऊन ते विहिरीकडेच जातं, आणि कातडीला सारखं लागणं पण घातक. हातमोजे तू पण घाल. कायद्याने वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमात तसं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल कंपन्यांवर जुनं ऑइल गोळा होऊन रिसायकल होण्याची जबाबदारी टाकलीय. आपण काय करायचं, तर ज्या डब्यातून नवीन आणलं त्यातच जुनं भर, घट्ट झाकण, आणि जिथे ऑइल साठवायचा बॅरल ठेवलाय अशा मोठ्या गॅरेजला नेऊन दे. आधी विचार की पुढे अधिकृत रिसायकलवाल्याला देतात का. गटारात, झाडाच्या आळ्यात, कचऱ्याच्या डब्यात बिलकुल नाही. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेव, त्यातून पण बरंच निथळतं.

न्यूजर्सीचा_नान्या:
इकडे ऑटोझोनसारख्या पार्टच्या दुकानांत जुनं ऑइल फुकट घेतात, म्हणून इथे कोणीही ड्राइव्हवेमध्ये बिनधास्त बदलतं. तिकडे प्रत्येक ऑइलच्या दुकानात एक ड्रम ठेवला तरी निम्मं काम होईल.

पाना_पक्कड:
एक राहिलंच. खाली शिरायचंच नसेल तर गेजच्या नळीतून ऑइल वर ओढायचा हातपंप मिळतो. फिल्टर तुझ्या गाडीला खालूनच सोपा पडतो की वरून हात जातो ते आधी टॉर्च मारून बघ, नाहीतर पंप घेऊनही खाली झोपावं लागायचं. आणि पंपाने तळाचा गाळ थोडा राहतो, दर वेळी नको, एखाद्या वर्षी चालतं.

ग्रीसवाला_नाशिक:
आणि रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नको, जुनं ऑइल त्यात भरून दिलंस तर गॅरेजवाल्याकडून परत माग आणि कापून टाक. ब्रँडेड डबे अख्खे हातात पडले की त्यात काय भरून परत विकतात ते तुला सांगायला नको. तारीख आणि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून बोनेटच्या आतून चिकटव.

कोथरूडचा_स्विफ्टवाला:
रॅम्पची ऑर्डर टाकली. सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले रविवारी सकाळी कर, माझ्या वॅगनआरचं पण बघशील का.