हिमनदीवर स्नोमोबाईल: हौस, माज की आणखी काही?

कोथरूडकरीण

जुलैत आम्ही चौघं आइसलंडला जाऊन आलो. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे बाबा (वय ६७, गुडघे शाबूत, कंबर तक्रारखोर). बाकी सहलीबद्दल सवडीनं लिहीन. हा धागा स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीच्या, एका तासापुरता आहे, कारण त्या तासावरून परवा घरी जेवताना जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

गुलफॉस धबधब्यापाशी आम्हाला न्यायला माणसाएवढ्या चाकांची जीप आली. धोंड्यांच्या रस्त्यानं खडखडत लांगयोकुलच्या पायथ्याशी पोचलो. ही आइसलंडातली दुसऱ्या क्रमांकाची हिमनदी. तिथं अंगभर झबलं, बूट, हातमोजे, हेल्मेट देतात. हेल्मेटच्या आत घालायला माकडटोपीसारखं काहीतरी असतं. बाबांनी आपली पुण्याहून नेलेली खरी माकडटोपी काढली तेव्हा गाइडनं हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत देताना मान डोलावली. बाबांची सहल तिथंच वसूल झाली.

एका स्नोमोबाईलवर दोघं. चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. उजव्या अंगठ्यानं खटका दाबला की पळते, डाव्या हाताशी ब्रेक, मुठी आतून गरम. एकामागे एक, गाइडच्या गाडीच्या मागावरूनच जायचं, कारण बाजूला भेगा असू शकतात. एका उतारावर माझी गाडी कलली आणि मी स्कूटीच्या सवयीनं पाय खाली टेकवायला गेले. गाइड वळून असा ओरडला की मागे बसलेल्या लेकीनं माझी कंबरच आवळली. अडीच-तीनशे किलोचं धूड पायावर पडतं म्हणे.

मध्यावर सगळ्यांना थांबवून इंजिनं बंद करायला लावली. वारा पडला होता. लेक म्हणाली, "आई, पाणी कुठे वाजतंय?" आम्ही उभे होतो त्या बर्फाच्या खालून पाणी वाहत होतं.

तर परवा माझा चुलतभाऊ म्हणाला, "मरायला टेकलेल्याच्या छातीवर नाचून आलात तुम्ही, वर पैसे मोजून." मला ते लागलं. पण विचार करूनही मला वाटतं की आम्ही केलं ते बरोबर केलं. ज्यांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय त्यांना हिमनदी वितळते म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही. लेकीला आता कळलंय. तुम्ही गेला असतात का?

सह्यकडा

नसतो गेलो. तुमच्या भावानं जरा जोरात सांगितलं, पण खोटं नाही सांगितलं.

लांगयोकुलच्या पश्चिमेला जवळच ओक नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरची हिमनदी इतकी पातळ झाली की स्वतःच्या वजनानं सरकेनाशी झाली, आणि जी सरकत नाही ती हिमनदीच नव्हे. म्हणून २०१४ मध्ये तिचं नाव यादीतून काढलं. ऑगस्ट २०१९ मध्ये लोक वर चढून गेले आणि तिथं पाटी बसवली, भविष्यातल्या माणसांना उद्देशून. काय घडतंय आणि काय करायला हवं ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ते केलं का, हे तुम्हालाच कळेल, अशा अर्थाचा मजकूर. खाली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा त्या वेळचा आकडा, ४१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५. शेजारच्या डोंगरावर मयताची पाटी आणि इकडे पेट्रोलच्या गाड्यांची रांग. मला नाही जमत हे एकत्र बघायला.

आणि कळण्याचं म्हणाल तर, आग भाजते हे कळायला काडी ओढावीच लागते का?

तागडी

पॉपकॉर्न बाजूला ठेवून लिहितोय, कारण भावना पुष्कळ झाल्या, जरा हिशोब करू.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. तासाभरात एका गाडीनं दहा लिटर प्यायलं असं सढळ हातानं धरलं तरी २३ किलो, दोघांत वाटून प्रत्येकी बारा. आता मुंबई ते रेकयाविक. थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. जाऊन-येऊन सोळा-सतरा हजार किलोमीटर, म्हणजे माणशी दीड-दोन टन. टन! धागाकर्तीच्या कुटुंबानं मुंबईच्या विमानतळावर पट्टा बांधला तेव्हाच सगळं होऊन गेलं होतं. हत्ती निघून गेला आणि तुम्ही शेपटावरून भांडताय.

दुसरं, आइसलंडवाले बेफिकीर नाहीत. तिथं रस्ता सोडून रानात गाडी घातली तर जबर दंड, कारण शेवाळ एकदा चिरडलं की परत यायला दशकं जातात. गोठलेल्या जमिनीवरचा बर्फ आणि हिमनदी यांना त्या नियमातून सूट आहे, कारण तिथली खूण पुढच्या बर्फात बुजते.

सह्यकडा

शेपूट म्हणजेसुद्धा हत्तीच. विमानाला दीड टन लागतो म्हणून पुढचं सगळं माफ, हा हिशोब सोनाराचा नाही, उधारीवाल्याचा आहे.

आणि काजळी सोडलीत. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत फेकतो, मळका बर्फ त्याच्या निम्माही नाही. काळं पडलं की ऊन मुरतं.

तागडी

मान्य, पण तिथली काळी धूळ मुख्यतः ज्वालामुखीची. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुल फुटला तेव्हा युरोपभरची विमानं जमिनीवर आली होती, ती राख हिमनद्यांवरही पडली. (गंमत म्हणजे राखेचा पातळ थर बर्फ वितळवतो, जाड थर गोधडीसारखा झाकून ठेवतो.) त्या राखेपुढे तीस-चाळीस स्नोमोबाईल म्हणजे दर्यामे खसखस.

ओस्लोची_सून

मी नॉर्वेत बारा वर्षं आहे. इथं याला स्नोस्कूटर म्हणतात आणि नुसत्या मौजेसाठी ती रानात चालवायला मुळात मनाई आहे. १९७७ चा कायदा आहे. २०१५ पासून नगरपालिकांना ठरावीक मार्ग आखून द्यायची मुभा मिळाली, त्यावरही केवढी भांडणं झाली. उत्तरेकडे रेनडिअर राखणारे सामी लोक स्कूटर वापरतात, डोंगरातल्या झोपड्यांना सामान जातं, अपघातात माणूस खाली आणतात. तिला कुणी नावं ठेवत नाही. ती कामाची गाडी आहे, जशी आपल्याकडे बैलगाडी होती.

इथल्या लोकांची तक्रार धुरापेक्षा आवाजाची असते. ईस्टरला चार मैल चालून कुणी झोपडीत जाऊन बसतं ते ऐकायला काही नसतं म्हणून. पलीकडच्या दरीत एक स्कूटर सुरू झाली की सगळ्यांची सुट्टी तिची होते.

कोथरूडकरीण, एक सांगते, राग मानू नकोस. तुझं लिखाण मी दोनदा वाचलं. त्यात मला दिसलं, ऐकू आलं असं एकच ठिकाण आहे, लेक पाणी वाजतंय म्हणाली ते. ते इंजिन बंद असतानाचं आहे.

कोथरूडकरीण

आई गं. हे मी लिहिताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण मग मी विचारते, ते पाणी ऐकायला बाबा तिथपर्यंत पोचले असते कसे? बर्फावर काटे लावून चालायच्या सहलीची चौकशी केली होती. चढ-उताराचे दोन-तीन तास, हातात कुऱ्हाड. त्यांच्या कमरेनं पहिल्या पायरीवर राजीनामा दिला असता. रायगडाला रोपवे झाला तेव्हाही लोक म्हणाले होते की गड पायीच चढावा. त्याच रोपवेनं माझी आजी ७४ व्या वर्षी समाधीपर्यंत गेली आणि हात जोडून उभी राहिली. पायी चढणाऱ्यांचाच गड असतो का?

दवणा

+१. म्हाताऱ्यांचा विषय निघाला की निसर्गप्रेमींना एकदम पायपीट आठवते.

सह्यकडा

रोपवेखाली रायगड वितळत नाही हो.

उंबरठा

मला पर्यावरणाचं एवढं कळत नाही. मी विमा क्षेत्रात होते, म्हणून वेगळ्या कोपऱ्यातून बोलते.

जानेवारी २०२० मध्ये याच लांगयोकुलवर स्नोमोबाईलच्या सहलीतले ३९ पर्यटक वादळात अडकले. लहान मुलंही होती त्यांत. हवामान खात्याचा इशारा आधीपासून लागलेला असताना सहल निघाली. कित्येक तास ते बर्फात अडकून होते आणि त्यांना सोडवायला शेकडो लोक रात्रभर खपले. आइसलंडातली बचाव पथकं पगारी नसतात. कुणी सुतार, कुणी मास्तर, फोन आला की हातातलं काम टाकून निघणारे. तुमची हौस फिटावी म्हणून दुसऱ्याच्या घरची माणसं वादळात उतरतात, हे तिकिटाच्या रकमेत कुठे धरलेलं नसतं.

आता विम्याचं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. स्नोमोबाईल त्यात बसते का, हे निघायच्या आधी लेखी विचारा. पाय तिथं मोडला तर हाड पुण्यात येईपर्यंत घर गहाण पडेल. आणि सुरुवातीला जी सही घेतात त्या कागदावर गाडीचं नुकसान झालं तर किती भरायचं ते छापलेलं असतं. कुणी वाचलं होतं?

कोथरूडकरीण

खोटं कशाला बोलू, नवऱ्यानं वाचल्यासारखं केलं.

इशाऱ्याचं मात्र पाळलं होतं. आमची आधीची तारीख वाऱ्यामुळे त्यांनीच रद्द केली आणि दोन दिवसांनी बोलावलं. तेव्हा आम्ही पैसे बुडाले म्हणून चरफडलो होतो. माणशी वीसेक हजार रुपये, चौघांचे ऐंशीच्या घरात. आता वाटतं, रद्द करणारा भेटला हे नशीब.

मनालीचा_जावई

तुम्ही आइसलंडवर भांडताय, आमच्या मनालीजवळच्या सोलंगला या. डिसेंबर-जानेवारीत खालचा बर्फ संपून चिखल लागला तरी स्नो स्कूटर सुरू असते. स्वतः चालवायची नाही, चालक पुढे, तुम्ही मागे, एक फेरी, दोन फोटो, उतरा. वर रोहतांग खिंडीत गाड्यांची गर्दी आणि काजळी इतकी झाली की हरित लवादानं रोज किती गाड्या वर जायच्या याची मर्यादा घातली. व्यावसायिक खेळांवरही गदा आली. माझा मेहुणा याच धंद्यात होता. त्याचं म्हणणं, मुंबई-पुण्याच्या पर्यटकानं काळा केलेला बर्फ, आणि पोट आमचं मारलं. मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही.

गोमुखाकडे बघा. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दीडशेच माणसं सोडतात, यंत्र नाही. तिथं कुणी अनुभव कमी मिळाला म्हणून रडताना मी पाहिलेलं नाही.

तागडी

दीडशेची मर्यादा मलाही पटते. तशीच हिमनदीवर घाला, दिवसाला इतक्याच गाड्या. पण ते सरकारनं करायचं काम. एक कुटुंब गेलं नाही म्हणून हिमनदी वितळायची थांबणार नाही. या वेगानं तापत राहिलं तर लांगयोकुल शे-दीडशे वर्षांत बहुतेक संपेल असं तिथले शास्त्रज्ञच सांगतात, आणि ते स्नोमोबाईलमुळे नाही, जगभरच्या धुराड्यांमुळे. त्यात चंद्रपूरचं वीज केंद्रही आलं, ज्याच्या विजेवर आपण हे टंकतोय.

ओस्लोची_सून

चंद्रपूर खरंय. पण बाबांच्या कमरेचं उत्तर माझ्याकडे आहे. दक्षिण किनाऱ्यावर सोल्हेमायोकुल नावाची हिमनदी आहे. गाडीतळापासून पायवाटेनं सावकाश चालत तिच्या तोंडासमोर पोचता येतं. तिथल्या जवळच्या गावातली शाळेतली मुलं २०१० पासून दर वर्षी येऊन ती किती मागे हटली ते मोजतात. पहिल्या दशकातच तीनशे मीटरांहून जास्त गेली. जिथं बर्फ होता तिथं आता तळं आहे, इतकं खोल की मुलांना मोजायला होडी लागते. तुझ्या लेकीपेक्षा जराशीच मोठी पोरं. हेल्मेट नाही, वीस हजार नाहीत.

कोथरूडकरीण

आम्ही तिथून पुढे गेलो होतो गं. पाटी दिसली होती रस्त्यावर. वेळ नव्हता म्हणून थांबलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ही जीप गाठायची होती.

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तळं बघितलं असतं तर चाललं असतं, पण मग मला थंडीनं रडायला आलं असतं आणि गाडीवर मी हसत होतो." मला दोन्ही खरं वाटतं. भावाला अजून फोन केलेला नाही.

निघालोय_सप्टेंबरात

धागा वाचून पार गोंधळलो. आम्ही पाच जण आहोत, आई ७० ची. बुकिंग झालंय, पैसे परत मिळत नाहीत. काय करू?

उंबरठा

विमा कंपनीला आजच मेल टाका. आणि आईंना मागे बसवणार असाल तर पाठीचं डॉक्टरांना विचारा, वरखाली चांगलं आपटतं. पाचवा माणूस एकटा बसणार असेल तर त्याचे जास्त पैसे घेतात, तेही बघून ठेवा.

सह्यकडा

माझं मत आहे तेच आहे, जाऊ नका. पण गेलातच, तर गाडी कलली तरी पाय बाहेर काढू नका.