धर्मग्रामाचा इतिहास लिहायचाय, जुन्या दप्तरात आधी काय पाहू?

धागाकर्ती: आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या स्मरणिकेत फक्त फादरांची यादी आणि इमारत कधी वाढवली एवढंच होतं. मला माणसांबद्दल लिहायचंय. फादर कपाट उघडून द्यायला तयार आहेत, पण लॅटिन येत नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १: बाप्तिस्म्याच्या वहीपासून, आणि पानाच्या समासातलं लिखाण वाचायला विसरू नका. मूळ नोंदीशेजारी दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न, गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) नंतर लिहिली जाते. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झालं तरी तिथून कळवायचा नियम आहे, म्हणून कोण कुठे गेलं ते तिथेच सापडतं.

चोरून होणाऱ्या लग्नांना आळा बसावा म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये लग्नाची वही सक्तीची केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच वह्या सांगितल्या आहेत. त्यातली एक 'स्टातुस आनिमारुम', म्हणजे घरवार नोंद: घरात कोण, वय काय, साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार) घेतले का. ती मिळाली तर सगळ्यात आधी तीच उघडा. अख्खी वस्ती उंबरठ्या-उंबरठ्याने दिसते.

प्रतिसाद २: लॅटिनची धास्ती नको. साचा ठरलेला असतो, वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं. 'नातुस' जन्मला, 'ओबीत' वारला, 'विदुआ' विधवा, 'पात्रिनुस' धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारा. फक्त एक लक्षात ठेवा, नावंही लॅटिनमध्ये लिहिलेली असतात, त्यामुळे एकच माणूस दोन माणसं वाटतो. धर्मपालकांची नावं टिपत चला, सोयरीक आणि शेजार त्यातून उलगडतो.

मृत्यूच्या वहीत मला एकाच घरातल्या चार नोंदी अकरा दिवसांत सापडल्या होत्या. त्या दिवशी पुढचं पान उलटवलं नाही.

प्रतिसाद ३: नोंदवह्यांवर थांबू नका. हिशेबाच्या वह्या, मंडळांची इतिवृत्तं, बिशपांच्या भेटीचे अहवालही मागा. इथे नसतील तर धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) दप्तरखान्यात विचारा. ऐतिहासिक दप्तर जपणं ही १९८३ च्या चर्च कायद्यानुसार बिशपांची जबाबदारी आहे. चर्च एखाद्या धर्मसंघाच्या (जेज्विटांसारख्या) फादरांनी चालवलं असेल तर त्यांची पत्रं संघाच्या दप्तरात असतील.

ताई, एक कळकळीची विनंती. काही नोंदींत 'वडील अज्ञात' असं लिहिलेलं असतं. ती नावं छापू नका, त्यांची नातवंडं पुढच्या बाकावर बसत असतील.

धागाकर्ती: नाही छापणार. आज विचारलं, घरवार वही आहे! वाळवीने पहिली काही पानं खाल्लीत, बाकी शाबूत. रविवारी मिस्सानंतर बसतेय.