दर दोन तासांनी कूस बदलूनही माकडहाडावर लाली: चुकतंय कुठे?

शिकाऊ_परिचारिका
पक्षाघाताचे पेशंट, वय 68, वजन साधारण 60 किलो, डावी बाजू लुळी. नाकातल्या नळीतून फीड, डायपर, खाली एअर मॅट्रेस (हवेच्या कप्प्यांची, पंपाला जोडलेली गादी). दर दोन तासांनी कूस बदलली जाते, चार्ट भरलेला आहे. तरीही माकडहाडावर साधारण 3 सेंमीची लाली दिसते. ही बेडसोरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे की डायपरने झालेली जळजळ, हे कसं ओळखायचं? आणि कूस बदलूनही लाली का यावी? काही जण स्पिरिट-पावडर लावून चोळायला सांगतात, ते करू का?

वॉर्डसिस्टर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. अजिबात चोळू नका. लाल झालेल्या जागी आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या फुटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि घाम-लघवीत भिजलेल्या पावडरीचे गोळे होऊन ते कातडीला घासतात.

आता तपासणी. पेशंटला त्या जागेवरून उठवून कुशीवर करा. बोटाने लालीवर 3 सेकंद दाबा आणि बोट उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा अजून चालू आहे. दाब काढल्यावर ही लाली ओसरते, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दाबूनही पांढरी पडत नसेल तर तो पहिल्या स्टेजचा बेडसोर धरायचा, कातडी अखंड असली तरी. सावळ्या कातडीवर हा फरक डोळ्यांना कळत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने शेजारच्या कातडीशी तुलना करा: जागा गरम किंवा गार आहे का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, दाबल्यावर पेशंट चेहरा आक्रसतो का. जांभळट किंवा काळपट डाग असेल तर त्याला पहिली स्टेज म्हणून सोडू नका. आतलं मांस आधी गेलेलं असू शकतं, वरची कातडी नंतर फुटते. लगेच डॉक्टरांना दाखवा.

डायपरची जळजळ बहुधा पसरट असते, कडा अस्पष्ट, दोन्ही नितंबांवर समोरासमोर किंवा मधल्या घडीत. दाबाची जखम हाडाच्या बरोबर वर आणि तिची कड बऱ्यापैकी ठरलेली. दोन्ही एकत्रही असतात, ओल्या कातडीवर दाब लवकर बाधतो.

उशी_आणि_कोन
कूस "बदलली" म्हणजे नेमकं काय केलं, ते चार्टवर दिसत नाही. पाठीमागे उशी खुपसली आणि पेशंट दहा मिनिटांत पुन्हा पाठीवर घसरला, असं सर्रास होतं. सही मात्र दोन तासांची!

पूर्ण 90 अंशात कुशीवर ठेवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीवरून कुशीकडे फक्त 30 अंशांचा कल द्या. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे उशी, वरच्या पायाखाली दुसरी, गुडघे-घोटे एकमेकांना टेकणार नाहीत अशी. मग सगळ्यात महत्त्वाचं: तळवा वर करून हात माकडहाडाखाली घाला. हाड गादीला टेकलेलं लागलं तर कल कमी पडला, उशी आणखी आत सरकवा. लुळ्या कुशीवर ठेवताना खालचा खांदा अलगद पुढे घ्या, हात धरून ओढू नका, सांधा निखळतो.

लाली जाईपर्यंत त्यांना पाठीवर ठेवूच नका. उजवा कल, डावा कल, एवढंच.

शिकाऊ_परिचारिका
पण फीडसाठी डोक्याकडची बाजू वर ठेवावीच लागते ना? आमच्या वॉर्डच्या सिस्टर 45 अंश सांगतात. तेव्हा ते खाली घसरतात.

उशी_आणि_कोन
लालीचं कारण मला तिथेच दिसतं आहे. घसरताना कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली जातं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळवटतात. नुसत्या दाबापेक्षा हे वाईट.

आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा उचला, मगच डोकं वर करा. नळीतलं फीड फुफ्फुसात जाऊ नये म्हणून किमान 30 अंश हवेतच. डॉक्टरांनी जास्त सांगितलं नसेल तर 30 वर ठेवा, आणि कल तेव्हाही द्या. एकदम दिलेल्या फीडनंतर 30 ते 60 मिनिटं तसंच राहू द्या. डोकं सपाट करून कूस बदलायची असेल तर आधी फीड थांबवा. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. दोघांनी आडवी चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरायची आणि उचलून न्यायचं.

वॉर्डसिस्टर
एअर मॅट्रेसही तपासा. पंपावरचं सेटिंग पेशंटच्या वजनाप्रमाणे आहे का? अंग पुसताना स्टॅटिक मोडवर (कप्प्यांतली हवा आलटून-पालटून कमी-जास्त न होता स्थिर राहते) टाकून तसंच राहिलं नाही ना? डोकं वर असताना हवेच्या कप्प्यांखाली, माकडहाडाच्या रेषेत हात सरकवा. मध्ये साधारण 2.5 सेंमी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी बसली आहे. शिवाय वर चादर, रबरशीट, दुपदरी ड्रॉशीट (कमरेखालची आडवी चादर), पॅड असे थर चढवले की त्या मॅट्रेसचा उपयोग जवळजवळ संपतो. एक सैल चादर आणि एक पॅड पुरे.

डायपर दर कूस बदलताना उघडून बघा. सौम्य क्लीन्झरने साफ करा, टिपून कोरडं करा, झिंकची क्रीम पातळ लावा. जाड थर दिला तर तो डायपरला लागतो आणि डायपर लघवी शोषत नाही. प्रत्येक वेळी क्रीम खरवडून काढू नका, मळलेला थर तेवढा पुसा.

टाच_बघा
माकडहाडाच्या नादात टाचा राहतात. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच पूर्ण अधांतरी. पाणी भरलेले ग्लोव्हज टाचेखाली ठेवायची पद्धत सोडा, टाच त्यावरून सरकते आणि दाब तसाच राहतो. हवेची गोल रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. नाकातल्या नळीची पट्टी, ऑक्सिजनची नळी कानामागे, लघवीची नळी मांडीखाली: या जागा रोज बघायच्या.

आहारतज्ज्ञांना विचारून प्रथिनं तपासून घ्या. दर किलोमागे दिवसाला 1.25 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे यांना 75 ते 90 ग्रॅम लागतील. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील.

नोंदीत "लाली आहे" एवढंच नको. जागा, लांबी-रुंदी सेंमीमध्ये, दाबल्यावर पांढरी पडते की नाही, कोणत्या कुशीवर ठेवलं आणि पुढच्या वेळी काय दिसलं, हे लिहा. फोड, पू, वास, ताप किंवा लालीभोवती पसरणारी सूज दिसली तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका.