गोल नाही झाला की पोरगा जेवत नाही

पोरगा १४ वर्षांचा, नागपुरात अजनीत फुटबॉल खेळतो. परवा टीम ३-१ ने जिंकली, पण याचा गोल नाही. बूट कोपऱ्यात फेकले, चिखलासकट झोपला. काय करू?

— दादा, मी पोट्ट्यांना शिकवतो. जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञानं सांगितलंय, काहींना दुसऱ्यापेक्षा सरस ठरणं म्हणजे यश वाटतं, काहींना कालच्यापेक्षा सुधारणं. एकाच मुलात दोन्ही असतात. “किती गोल?” विचारणं आधी थांबवा. माझा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, डावा पाय वापरायचाच नाही. भिंतीवर रोज पन्नास पास मारले, आता त्याच पायानं कडेवरून गोलसमोर क्रॉस टाकतो!

— आपल्या नागपुरातच, झोपडपट्टी फुटबॉल सुरू करणाऱ्या विजय बारसे सरांना पावसात तुटक्या बादलीला लाथा मारणारी पोरं दिसली. कुठला आला स्कोअरबोर्ड?

— काल विचारलं, “आज काय जमलं?” बराच वेळ गप्प. मग म्हणे, “बाबा, दोन टॅकल.”