मदत हवी आहे: इराणच्या आखातातलं खारं पाणी ओमानजवळ कसं वेगळं काढायचं?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ओमानच्या आखातातल्या आर्गो फ्लोटचा (समुद्रात वर-खाली करत तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा) डेटा घेऊन बसलोय आणि पुरता अडकलोय.

इराणचं आखात सरासरी जेमतेम 35 मीटर खोल. बाष्पीभवन इतकं की पाण्याची क्षारता 40च्या (किलोमागे 40 ग्रॅम मीठ) आसपास जाते. हिवाळ्यात ते गार होऊन जड होतं आणि होर्मुझमधून तळालगत बाहेर पडतं, वरून हलकं पाणी आत येतं. बाहेर ते साधारण 200 ते 300 मीटरवर पसरतं, म्हणजे अरबी समुद्रातल्या ऑक्सिजनच्या दुष्काळी थराच्या वरच्या भागात, आणि तिथे थोडा ऑक्सिजन पोचवतं. आखात तापलं की हे पाणी हलकं होणार, कमी खोल उतरणार. इथवर पटतं.

आता अडचण. एका प्रोफाइलमध्ये (खोलीनुसार मोजमापांच्या आलेखात) 250 मीटरला क्षारतेच्या रेषेला झकास चोच आलीय, घनता 26.6च्या जवळ, म्हणजे घनमीटरला 1026.6 किलो. (लाल समुद्राचं पाणी बरंच खाली, 27.2ला, त्यामुळे तो घोळ नाही.) काही वर्षांनंतरच्या प्रोफाइलमध्ये तीच चोच बोथट, शिवाय वर सरकलेली. हे मुळातलं पाणी तापल्यामुळे, की वाटेतल्या भोवऱ्यांनी घुसळल्यामुळे? सर म्हणतात, "समान घनतेच्या पृष्ठावर बघ." पण तिथे तापमान आणि क्षारता जोडीनेच बदलतात, मग दोन्ही कारणं वेगळी कशी करू?

ऋतूनुसार सरासरी आधी काढावी का? पायथनचा कोड आहे, कुणी नजर टाकणार असेल तर लगेच देतो.